गोलामागचे गार्डसाहेब

माझ्या फुटबॉलचा आयुष्यात एकाच माणसानं गंभीरपणे विचार केला. तो माणूस माझा घरमालक होता, आणि त्याचं मत वाईट होतं.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. पुलगावच्या मिलमध्ये मी कारकून म्हणून लागलो. मिलला कारकून हवे असत आणि मिलच्या टीमला अकरा माणसं हवी असत, त्यामुळे मुलाखतीत माझ्या टायपिंगपेक्षा माझ्या पोटऱ्यांकडेच जास्त लक्ष दिलं गेलं. नोकरी मिळाली, आता खोली हवी होती. स्टेशनापलीकडे एक रिटायर्ड गार्ड राहतात, त्यांच्याकडे जागा आहे असं कळलं म्हणून गेलो. ते अंगणात बाजेवर बसून दाढी करत होते. इतर घरमालक जात विचारत, अंडी खाता का विचारत. यांनी अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून विचारलं, "मिलमंदी लागला म्हणतं? खेळतं का?"

"हो."

"कोण्या जागेवर?"

"लेफ्ट बॅक."

त्यांनी मला बुटांपासून कमरेपर्यंत न्याहाळलं. तोंडापर्यंत ते आलेच नाहीत. "मंग डावीकडली खोली घे," म्हणाले. डावीकडली खोली न्हाणीला लागून होती आणि तिच्या भिंतीला बाराही महिने ओल असे. उजवीकडली खोली चांगली कोरडी होती, पण ती ते राइट आउटसाठी राखून होते. त्यांच्या मनासारखा राइट आउट मिलला शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि त्या खोलीत त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कुरड्या वाळत राहिल्या.

सारं गाव त्यांना गार्डसाहेब म्हणायचं. मी काका म्हणायचो. पुलगावहून आर्वीला जी छोटी गाडी जायची, तिच्या शेवटच्या डब्यात त्यांची सारी नोकरी गेली. नोकरी सुटली तरी शिट्टी, हिरवा आणि लाल बावटा आणि पाण्याची कॅनव्हासची छागल, एवढा संसार त्यांनी घरी आणला होता. मैदान छोट्या रुळाला लागूनच होतं. नोकरीत असताना एकदा मिलला कॉर्नर मिळाला आणि नेमकी त्याच वेळी गार्डसाहेबांची गाडी तिथून चालली होती, तेव्हा त्यांनी लाल बावटा दाखवून गाडी उभी केली, असं स्टेशनावरचा चहावाला शपथेवर सांगायचा. कॉर्नर वाया गेला तेव्हाच गाडी सुटली म्हणे. वरच्या साहेबांनी जाब विचारला तर यांनी सांगितलं, रुळाजवळ जनावर होतं. मी एकदा खरंखोटं विचारलं.

"खोटं नाई बोललो मी," काका म्हणाले. "आपला सेंटर फॉरवर्ड होता तो."

स्वतः ते आयुष्यात कधी फुटबॉल खेळले नव्हते. चेंडू चुकून पायाशी आला तर सापाला चुकवावं तसे ते बाजूला व्हायचे. टीममध्ये मी नवा असताना, तोंड आवरत नसल्यामुळे, विचारून बसलो की काका, तुम्ही कधी खेळलात का? ते रागावले नाहीत. त्यांना माझी कीव आली.

"मी गाडी ओढली का कधी?" त्यांनी विचारलं. "गार्ड होतो ना तरी?"

मॅच असली की जेवण लवकर आटोपून ते पांढरा कोट चढवायचे. बावटे काखेत आणि एक घडीचं स्टूल हातात. त्यांची मुलगी सुमन छागल घेऊन मागून. सुमन गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि मैदानावर येणारी ती बहुतेक एकुलती एक मुलगी होती. बाकीचे प्रेक्षक मध्यरेषेजवळ गर्दी करत. काका थेट विरुद्ध टीमच्या गोलामागे जाऊन स्टूल मांडत. आपली टीम समोरून येताना दिसली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. हाफ टाइमला बाजू बदलल्या की सगळं बिऱ्हाड उचलून ते मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलामागे जात. हिरवा बावटा वर झाला की आमच्या फॉरवर्डनी पुढं जायचं, लाल झाला की मागं यायचं, अशी व्यवस्था होती. ती फक्त त्यांनाच ठाऊक होती. शिट्टीही होती, पण एकदा आमचा इनसाइड लेफ्ट एकटाच गोलसमोर पोचला असता ऑफसाइड काय असतं ते आठवून काकांनीच शिट्टी फुंकली, आणि बिचारा जागच्या जागी थांबला. त्यानंतर रेफ्रीनं त्यांच्याकडून शिट्टी न आणण्याचं वचन घेतलं.

या बैठकीत एक अडचण होती. काका ज्या गोलामागे बसत तो नेहमी शत्रूचा, त्यामुळे त्यांचा सगळा उपदेश स्वच्छ ऐकू जायचा तो शत्रूच्या गोलकीपरला. आमच्यापर्यंत यायची ती नुसती हातवाऱ्यांची गडबड. हे मी एकदा त्यांच्या कानावर घातलं.

"गार्ड मांगूनच बोलते," ते म्हणाले. "आयकू जाणं हे इंजिनाचं काम हाय."

त्यांची मतं पक्की होती आणि सारीच रुळावरून आलेली. मेन लाइनवर गर्दी असली तर लूपनं काढा, म्हणजे मधून घुसू नका, कडेनं जा. आमच्या फॉरवर्ड लाइनबद्दल ते म्हणत, "पाच डबे हायेत, कपलिंग एकाचंही नाई." सेंटर हाफ दमेकरी होता, त्याला ते पाणी भरायला थांबलेलं इंजिन म्हणत. माझ्याबद्दलचं मत त्यांनी पहिल्याच महिन्यात, काकूंच्या देखत, वाढलेल्या ताटावर सांगून टाकलं.

"तू उभा राह्यतं, बाजूनं गाड्या निंघून जातात. तू ब्याक नाई बाप्पा, तू सिग्नल हायेस."

"खाऊ द्या ना त्याले," काकू म्हणाल्या.

"खाऊ दे ना. सिग्नललेही तेल लागते."

पण गोलकीपर म्हटला की त्यांचा आवाज बदलायचा. अकरा जणांत शहाणा माणूस एकच, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तो म्हणजे गोलकीपर, कारण तो गार्ड. सगळ्यांच्या शेवटी उभा, सगळी गाडी त्याच्या नजरेत, आणि ब्रेक त्याच्या हातात. म्हणून त्यानं जागा सोडायची नाही. चेंडू वरून येवो, खालून येवो, गार्डनं डबा सोडून इंजिनाकडे धावायचं नाही. गोलामागून त्यांचं एक पालुपद अखंड चालू असे: "ब्रेक सोडू नको बे! मांगं हो!" वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंतचे गोलकीपर या वाक्याला ओळखायचे. मानत मात्र कोणीच नव्हतं, कारण गोलकीपरला पुढं यावंच लागतं, हे फुटबॉल खेळलेल्या कोणालाही कळतं.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पुन्हा मॅच व्हायची. काकू बाजारातून भाजी आणायच्या, ती चिरायला बसण्याआधी काका ताब्यात घ्यायचे. वांगी म्हणजे आपली मिल. टमाटे म्हणजे समोरचे. भुईमुगाची शेंग म्हणजे चेंडू. शेणानं सारवलेल्या अंगणात खडूनं मैदान आखायचं आणि चुकलेला प्रत्येक पास मला वांग्यांनी दाखवायचा. मी म्हणजे नेहमी एक वाकडं, किडकं वांगं असायचो. यात फार वेळ गेला की काकू विळी घेऊन यायच्या आणि समोर दिसेल तो खेळाडू उचलायच्या. "अवो तो हाफ ब्याक हाय!" काका ओरडायचे. "असू द्या, भाजीले कमी पडून राह्यलं," म्हणत त्या त्याच्या चार फोडी करायच्या. दुपारी मला भरल्या वांग्याची वाटी आली की काका ताटात निरखून सांगायचे, हा कोण होता ते.

आता डेपोबद्दल सांगायला हवं. पुलगावात लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो. त्यांच्या टीममध्ये जवान असत आणि डेपोत कामाला असणारे आमच्यासारखे सिव्हिलियनही. थंडीत कपाच्या मॅचेस होत, आणि फायनलला पोचलो तर मिल डेपोकडून हरायची. हा जवळपास सणच होता. त्यांचा गोलकीपर वसंता आंजी मोठी गावचा, शेतकऱ्याघरचा पोरगा, डेपोत स्टोअरला. उंच, अबोल, हाताचे पंजे भाकरीएवढे. आम्हाला कप मिळत नव्हता तो या पंजांमुळे. साहजिकच काकांनी अनेक हिवाळे याच पोराच्या पाठीमागे बसून काढले होते. पहिल्या वर्षी ते त्याला शिव्या देत. दुसऱ्या वर्षी उपदेश. पुढे पुढे मॅच चालू असतानाच दोघांचं बोलणं चाले, म्हणजे काका बोलत आणि वसंता मागं न बघता मान हलवत असे आणि स्वतःला हवं तेच करत असे. एका मॅचला त्यानं पाणी मागितलं. काकांनी सुमनला खूण केली, तिनं छागल दिली. पाणी प्यायला त्यानं मात्र मागं वळून पाहिलं. मग दर मॅचला त्याला तहान लागू लागली, थंडीच्या दिवसांतसुद्धा.

हे साऱ्या मैदानाला दिसत होतं. फक्त गोलामागच्या माणसाला दिसलं नव्हतं, कारण तो आमच्या फॉरवर्ड लाइनच्या चुका मोजत होता.

तर त्या वर्षी फायनल तोंडावर असताना वसंताचे मामा आणि आई आंजीहून सुमनला पाहायला आले. जातपात जुळत होती, पोरगा नोकरीवर होता, पोरगी मनात होती. काकूंनी पोहे केले. पाहुण्यांपैकी कोणी मुलीला काही विचारलंच नाही, कारण मुलीच्या बापानंच मुलाची परीक्षा सुरू केली.

"बॉल वरून आला तं तू काय करतं? पुढं जातं का मांगं राह्यतं?"

"बॉल पाहून ठरवतो जी," वसंता खाली बघत म्हणाला.

"ठरवाचं नसते! मांगंच राहाचं. ब्रेक सोडाचा नाई."

वसंतानं एकदा सुमनकडे पाहिलं. "हो जी," तो म्हणाला.

मामांनी पोह्याची बशी खाली ठेवून विचारलं, मग काय समजायचं आम्ही? काका म्हणाले, "जबाब फायनल झाल्यावर." आणि उठून गेले.

त्यांचा हेतू मला माहीत होता. सोयरीक झाली तर शत्रूचा गोलकीपर जावई होणार, आणि मॅचच्या दिवशी मन दोन्हीकडे ओढेल, म्हणून त्यांनी लग्न फायनलच्या पलीकडे ढकललं होतं. पण गावानं याचा एकच अर्थ काढला. गार्डसाहेबांना आहेरात कप हवाय. दुसऱ्या दिवशी आमच्या टाइम ऑफिसात हेच, मिलच्या भोंग्याखाली हेच. वसंताचे मामा तर जाता जाता फाटकापाशीच त्याला म्हणाले, "एक गोल जाऊ देजो ना बाबू. लष्कराचं काय जाते त्याच्यात!" काकूंनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

फायनलला काकूंनी सुमनला घरीच ठेवलं. बोलणी अर्ध्यात असताना पोरीनं मैदानावर जाणं बरं दिसत नव्हतं. छागल काकांनी स्वतःच खांद्याला अडकवली. दुसऱ्या अर्ध्यापर्यंत गोल नव्हता. मग चेंडू माझ्याकडे आला आणि त्याच्या मागून डेपोचे दोघे आले. मी घाबरलो आणि डोळे मिटल्यासारखं करून चेंडू दूर, जमेल तितका दूर मारला. तो खूप उंच गेला. मुरमाच्या कडक मैदानात गोलापुढं पडला, वेडावाकडा उसळला, मागं सरकलेल्या वसंताच्या डोक्यावरून गेला आणि जाळीत शिरला.

आयुष्यातला माझा तो पहिला आणि शेवटचा गोल. मला खांद्यावर घेतलं, गुलालानं माखलं, मिलमध्ये पेढे वाटले. कप मधोमध धरून फोटो काढला त्यात मी मिलच्या साहेबांच्या शेजारी आहे. गर्दीच्या डोक्यांवरून मला गोलामागं दिसत होते ते काका. ते स्टुलावर बसलेच होते. त्यांच्या हातात लाल बावटा उलगडलेला होता.

घरी आलो तर काकूंनी शिरा केलेला, आणि काका जेवायला तयार नव्हते. इतक्या हिवाळ्यांचा उपास सुटायचा तर यांनी नवा धरला होता.

"गोल झाला नाई," ते मला म्हणाले. "त्यानं देला. हात लावला नाई, मांगं सरकला. मी हातभर अंतरावरून पाह्यलं. अन् तुही किक? ती किक होती का बाप्पा? घरातली घाण बाहेर टाकली तूनं."

माझा गुलाल अजून ओला होता. मला फार लागलं ते.

"त्या पोराले सुमन नाई," काका काकूंना म्हणाले. "आज पोरीसाठी टीमले दगा देते. उद्या दुसऱ्या कशासाठी पोरीले देईन. आंजीले निरोप धाडजो."

सुमन दारामागे उभी होती. ती रडली नाही, आत जाऊन उद्याच्या शाळेच्या वह्या तपासायला बसली. पण त्या रात्रीपासून घरात कोणी कोणाशी धड बोलेना, आणि दोन-चार दिवसांनी तिनं मला न्हाणीपाशी गाठून म्हटलं, "भाऊ, तुमी एकदा त्यायले विचारा. खरंच सोडला असन तं मीच नाई म्हणीन. पण मले सांगा."

मी डेपोच्या फाटकावर जाऊन वसंताला गाठलं. त्याचे हाल आमच्यापेक्षा वाईट होते. टीमनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ज्या पोरीसाठी गोल सोडला म्हणून सगळे थुंकत होते, ती पोरगीही त्याच गोलापायी गेली होती.

"मुद्दाम नाई जी सोडला," तो म्हणाला. "मी पुढं निंघालोच होतो. दोन पावलं अन् बॉल छातीशी होता. तेवढ्यात काका मांगून वरडले, ब्रेक सोडू नको बे, मांगं हो. मी हो म्हणून बसलो होतो ना त्यायले, घरी. मंग झालो मांगं."

मी रस्त्यातच हसायला लागलो. तो हसला नाही. "हे सांगू नका त्यायले. मोठ्या माणसाले कसं म्हणाव का तुमच्यानं गोल झाला? लग्न नाई झालं तं नाई झालं." आणि त्यानं माझ्याकडून शपथ घेतली. माझ्या शपथेला काही किंमत असते असं मानणारा तो दुसरा माणूस. पहिली माझी आई.

आता शपथ मोडायची नाही आणि सुमनचं लग्नही मोडू द्यायचं नाही. सुमनला मी एवढंच सांगितलं की त्यानं मुद्दाम सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बाजारातून आल्या, तेव्हा मी पिशवी मध्येच घेतली आणि काकांपुढे ठेवली. "काका, फायनल राहिली आपली मांडायची."

त्यांनी आढेवेढे घेतले, पण अंगणात खडू दिसला की त्यांना राहवत नसे. मैदान आखलं. वाकडं वांगं मध्यरेषेजवळ ठेवलं. "हा तू." मोठ्यात मोठा टमाटा गोलात ठेवला, त्याचं नावही घेतलं नाही. मग काय वाटलं कोण जाणे, पिशवीतलं एक लिंबू घेऊन गोलाच्या मागं ठेवलं. "हा मी. साक्षीदार." शेंग हवेतून आणत त्यांनी टमाट्यासमोर टेकवली.

"आता अठी कीपरनं काय कराव? दोन पावलं पुढं. लहान लेकरालेही समजते. अन् हा काय करते? मांगं!"

"पण काका, कीपरनं मागंच राहायचं, असं तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणतो ना! पण तो कधी राह्यला का? वर्सं झाले, मी मांगून वरडून राह्यलो, हा आपला पुढंच जाते. कधी आयकलं नाई माहं. त्याच दिवशी कसा मांगं आला? म्हणून तं म्हणतो, मुद्दाम."

"बरं. त्या वेळी लिंबू काय म्हणत होतं?"

"लिंबू काय म्हणन? नेहमीचंच. ब्रेक सोडू नको बे, मां..."

ते थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. शेंग धरलेला हात टमाट्यावर होता, तो हळूहळू खाली आला. काकांची नजर टमाट्यावरून लिंबावर गेली.

"आयकलं त्यानं?" अखेर त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की मला वाटलं ते लिंबालाच विचारताहेत.

मी शपथेला जागून गप्प राहिलो. काकू विळी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे मिलचा गोल होऊन राह्यला होता," त्या सावकाश म्हणाल्या, "अन् तुमी डेपोच्या पोराले सांगून राह्यले होते, कसा वाचव म्हणून?"

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. साऱ्या हयातीत मिलच्या कपासाठी तळमळलेला माणूस, आणि कप समोर आला त्या क्षणी तो ओरडला त्या पोराच्या बाजूनं. त्यानं चुकू नये म्हणून. जबाब फायनलनंतर देणार होते, पण तो त्यांनी मॅचमध्येच देऊन टाकला होता आणि त्यांनाच पत्ता नव्हता. त्या सकाळी मला या हेकट म्हाताऱ्याबद्दल एकदम माया दाटून आली.

"म्हणजे दगा मी देला," ते म्हणाले.

काकूंनी वाकून टमाटा उचलायला हात घातला. काकांनी त्यावर आपला पंजा ठेवला. "त्याले राहू दे," म्हणाले. कोणत्याही खेळाडूला त्यांनी काकूंच्या विळीपासून वाचवलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

त्याच दिवशी पांढरा कोट घालून, मला बरोबर घेऊन ते एस.टी.नं आंजीला गेले. रविवार होता, वसंता घरीच होता, गोठ्यापाशी. मामा, आई, शेजारीपाजारी जमले. आता काका माफी मागणार म्हणून मी जमिनीकडे पाहत उभा राहिलो. काकांनी घसा साफ केला.

"बाऊन्सचा अंदाज माहा चुकला," ते म्हणाले.

एवढंच. आयुष्यभरात एखाद्या डावपेचाची चूक त्यांनी कबूल केली ती ही. वसंताचे डोळे भरून आले. त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमचा अंदाज बराबर होता जी. किकच तशी वेडीवाकडी होती."

"तेच म्हणतो मी!" काकांना हुरूप आला. "अशी किक मारते का कोणी? सरळ मारली असती तं मांगं राहाचंच बराबर होतं."

दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. सोयरीक जमली ती या एका मुद्द्यावर.

लग्न उन्हाळ्यात झालं. मिल एका पंगतीला, डेपो दुसऱ्या, आणि मधून वाढपी. वसंता पुढे बरीच वर्षं डेपोच्या गोलात उभा राहिला आणि मिलला कप पुन्हा मिळाला नाही. काका त्याच गोलामागे बसत, पण तोंडात सुपारी धरून. बोलणं नको म्हणून. ऐंशीनंतर गावात टीव्ही आला तेव्हा शेजाऱ्याकडे वर्ल्ड कप बघायला गेले आणि लगेच परत आले. टीव्हीच्या मागं बसलं तर मॅच दिसत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

माझी पुढे वर्ध्याला नोकरी लागली, पण लग्नमुंजीला जाणं होतं. काका थकले होते, कानांनी कमी ऐकू यायचं. शेवटचा गेलो तेव्हा सुमन आणि वसंता आलेले होते, त्यांचा मुलगा अंगणात चेंडू आपटत होता. काकांनी बाजेवरूनच त्याला हाक मारून माझ्यापुढं उभं केलं. मिलचा तो कपाचा फोटो माझ्याही घरात भिंतीवर आहे, माझी मुलं तो पाहुण्यांना दाखवतात. हे काकांना माहीत असावं.

"यायले नमस्कार कर," ते नातवाला म्हणाले. "हे आपल्या मिलचे लेफ्ट ब्याक. एक डाव तुह्या बापानं अन् मी, यायच्या पायानं गोल केलता."